हिवाळ्यात रब्बी, उन्हाळ्यात क्रिकेट

माहं माहेर बाभुळगावच्या पलीकडचं, बेंबळेच्या काठचं, अन सासर हे इथलं, नेरच्या बाजूचं. उमर नोका इचारू बाई, जनमाचा दाखला कोनी काढला आमचा, माय म्हने की ज्या साली आपल्या लोकाईनं दीक्षा घेतली अन घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले, त्याच्या मांगच्या-पुढच्या सालातली तू. तवा तुमीच हिसाब करा. शाळेत गेली नाई मी. लगन झाल्यावर नेरच्या बाजारात आंबाडीची भाजी अन बोरं विकाले जाये, स्टँडच्या भिताडाले टेकून बसे, गाडी आली का कंडक्टर वरडे, यवतमाळ यवतमाळ, अन मी पाटी पाहे. असा य वयखला, मंग व वयखला, दारव्ह्याचा द, कारंज्याचा क, अन एक दिवस असा आला का सगळी पाटी एका दमात वाचली. आजूबाजूले कोनीच नाई कौतुक कराले. मंग जे दिसंल ते वाचत सुटली, फवारनीच्या डब्ब्यावरचं, दुकानाच्या पाटीवरचं, भज्याच्या कागदावरचं, सिद्धार्थ माहा पोरगा, त्याचे बाबा म्हनत, अवं भजे तं खाऊ दे आधी.

आता तुमी आल्या त्या स्टेडियमचं इचाराले. साऱ्या जिल्ह्यात मशहूर हाये म्हनता. हाव, हाये ना मशहूर, जशी एखादी भुताची विहीर मशहूर राह्यते तसं हाये. लोक मोटारसायकल थांबवतात, पाटीपुढं उभे राहून फोटो काढतात, हासतात अन जातात. काय सांगू तुमाले, ज्या मानसानं ते बांधलं ना, तो बापूसाहेब, त्याच्याएवढा पोकळ मानूस मी पाह्यला नाई. अन मी असे गंज पुढारी पाह्यले, सभेच्या सतरंज्या आमच्याच बायाईकडून झाडून घेत ना.

पन आधी जागेचं सांगते, नाई तं तुमाले काही समजनार नाई. ते रान म्हनजे सरकारी जागा, ई-क्लास म्हनतात तिले, अन पह्यले ते ढोरफोडीचं रान होतं. गावात कोनाचं ढोर मेलं का आमच्या सासऱ्याईनं ते ओढत तिथं न्याचं, सोलाचं, अन मंग कावळे, गिधाडं. गावातलं कोनी तिकडं फिरकत नसे, नाकाले पदर लावून दुरून जात. मंग दीक्षा झाली अन माहा सासरा म्हने, आजपासून मेलं ढोर ओढनार नाई. आत्ता काय करता! गावानं काम बंद केलं, वावरात येऊ देईना, तवा आमच्या वस्तीतले लोक सब्बल-टिकास घेऊन त्याच रानात गेले. हाडं येचली, तरोटा उपटला, गोटे धुऱ्यावर टाकले. ज्या जागी ढोरं सोलली त्याच जागी ज्वारी पेरली, अन ज्वारी अशी आली बाई, मानूस आत गेला तं दिसू नये. एवढ्या वर्साईचं हाडाचं खत होतं ना. तीच आमची जमीन. नावावर नाई, सातबारा नाई, पन घरात दाना यायचा तो तिथून. बाकी सालभर दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाचा, अन हे एक रान आपलं, कोनाले ओ साहेब म्हनाचं काम नाई.

तवर कोनाले ते रान पायजे नव्हतं. मंग डांबरी रस्ता झाला, रानाच्या एकदम बाजूनं गेला, अन साऱ्या गावाच्या नाकातला वास एका उन्हाळ्यात निंघून गेला. ज्याचे बापजादे तिकडं थुंकत नव्हते ते मोजून पाहू लागले, किती पावलं, किती रुंद.

अन तेच साल कापसाचं वाईट साल. ते काही मी सांगाले पायजे असं नाई, तुमच्या पेपरवाल्याईनं सारं लिवलं तवा. बोंडाले अळी, भावाले कोनी वाली नाई, ज्याच्या घरी मयत झाली त्याच्या दारात गाड्याच गाड्या. आंगनात बसून रडत्या बाईले इचारत, तुमाले कसं वाटते? कसं वाटते म्हने! शेवंता, माही शेजारीन, तिच्या तोंडाले कधी कुलूप नाई राह्यलं, ती एका कॅमेऱ्यावाल्याले म्हने, भाऊ तुही माय मेली तवा तुले कसं वाटलं ते आधी सांग, मंग मी सांगते. तो गेला निंघून. मोठ्या वावरवाल्याईचा कापूस बुडाला तं आमची येचनीची मजुरी बी बुडाली, मंग ते ई-क्लासचं रान होतं म्हनून आमच्या चुली पेटल्या. हे ध्यानात ठेवा.

तं सरकारनं असं ठरवलं म्हने, की इथले काही हुशार लोक परदेशात धाडाचे, तिकडं कापूस कसा पिकवतात ते पाहून येतीन अन आपल्याले शिकवतीन. आता हुशार म्हनून कोन गेलं? बापूसाहेब. जिनिंगचा मालक. सरकीच्या ढिगावर खुर्ची टाकून बसनारा मानूस, पऱ्हाटीचं झाड कोनत्या बाजूनं उगवते ते त्याले जीपमधून दिसलं असंल तेवढंच. गेला. जाताना हार, येताना हार. आला तं भर उन्हाळा, अन हा लेकाचा कोट घालून आला, तिकडचा जाड गरम कोट, गयात मफलर, घामानं नुसता निथळून राह्यला पन कोट काहाडत नाई. शेवंता म्हने, अनुसये, उकडून मरते वं हा, याले कोनी सोला. मी म्हनलं चूप, ते काम आपन सोडलं.

शाळेच्या आंगनात सभा झाली. साऱ्याईले वाटलं आता कापसाचं सांगीन, कोनतं बी, कोनती अळी. बाप्पा! कापसाचं एक अक्षर नाई. हा बोलू लागला स्टेडियमचं. कोन्या शहरात त्याईले एक दिवस फिराले नेलं होतं, त्या शहराचं नाव बी मले घेता येत नाई, त्याले तरी कुठं येत होतं, दर खेपेले वेगळं सांगे. तिथं एक मोठं खेळाचं मैदान, फार जुनं, फार मशहूर. अन त्या मैदानाचा इतिहास आमाले भर उन्हात बसवून. की पह्यले तिथं नुसती चराई होती, मेंढ्या चरत, मंग मोठ्या मोठ्या साहेबलोकाईले ती जागा आवडली, त्याईनं कुंपन घातलं, मंग दगडाच्या गॅलऱ्या बांधल्या, मंग राजा आला पाहाले, मंग घड्याळ लावलं. मंग मेंढ्यावाले कुठं गेले ते त्यानं नाई सांगितलं. मीनं वाट पाह्यली, आता सांगीन, मंग सांगीन. नाई सांगितलं.

आता एक गोष्ट तुमाले समजून घ्या लागन. बापूसाहेब खर्रा खाये. सुपारी, तंबाखू, चुना घोटून ते पन्नीतलं. चोवीस तास गालात गोळा, परदेशात बी नेला होता म्हनतात सुटकेस भरून. त्याच्याशी बोलाचं म्हनजे अर्धं कानानं आयकाचं अन अर्धं आपल्या मनानं जोडाचं, साऱ्या गावाले सवय. तं तो गालातला गोळा सांभाळत म्हने, काय ती जमीन अन काय ते लोक, एकाच मैदानात हिवाळ्यात रब्बी अन उन्हाळ्यात क्रिकेट! अन तसंच्या तसं आपन इथं करू, त्या ई-क्लासवर.

आमी तं हेच आयकलं बाई. तुमीच सांगा, हिवाळ्यात म्हनल्यावर रब्बीच आयकू येईन का दुसरं काही आयकू येईन? शेवंतानं कोपरानं ढोसलं, आयकलं का वं, हिवाळ्यात रब्बी म्हने. मी म्हनलं आयकलं ना, बहिरी हाये का मी. ती म्हने मंग उन्हाळ्यात खेळू दे ना पोट्ट्याईले क्रिकेट, उन्हाळ्यात तसं बी रान रिकामंच राह्यते, आपलं काय जाते. मी म्हनलं पन पावसाळ्याचं काय? तं शेवंता उठून उभी, पदर खोचून, बापूसाहेब, पावसाळ्यात काय करसान तिथं? तो म्हने पावसाळ्यात काहीच नाई बाई, पावसाळ्यात जमिनीले आराम. आमी एकमेकीच्या तोंडाकडं पाह्यलं. कारन जुने लोक कराचेच ना असं, भारी काळ्या जमिनीत पावसाळाभर नुसतं वखरून ठेवत अन दसऱ्याच्या पुढं हरबरा, जवस पेरत. आमी म्हनलं वा, परदेशातले लोक बी तसंच करतात, म्हनजे शहाने दिसतात.

सिद्धार्थचे बाबा उठले. ते सभेत बोलत नसत, पन उठले. म्हने पान्याचं काय? तो म्हने बोअर मारतो, पाइप टाकतो, हिवाळ्यात रोज पानी सोडतो. रोज! हरबऱ्याले दोन पानी भेटले तं सोनं होते, अन हा रोज म्हनते. मंग सिद्धार्थच्या बाबाईनं इचारलं, कोनाले उतरू देसान तिथं? तो म्हने गावातला गरिबातला गरीब उतरू शकते, रब्बीत जातपात नाई, आंगात जोर पायजे फक्त, पंधरा जन इकडून अन पंधरा जन तिकडून. मले वाटलं पाती धरून चालल्यासारखं असंल, इकडून एक टोळी पीक कापत, सवंगत येते, तिकडून एक टोळी. म्हनलं मोठं काम दिसते, मोठी सवंगनी. अन पावसाळ्यात आमी तिथं पेरत होतो काय, खायापुरती ज्वारी अन बाकी कापूसच ना, साऱ्याईचं पाहून आमी बी पऱ्हाटी लावू लागलो होतो अन तो तं अळीच खाऊन जाये. तो गेला अन पान्याचा हरबरा आला तं बिघडलं काय?

तवा त्यानं म्हनलं ज्याचा ज्याचा कबजा हाये त्याची हरकत नाई असा ठराव घ्याचा हाये, हात वर करा, तं आमच्या साऱ्या वस्तीनं हात वर केले. शेवंतानं तं दोन्ही केले. बापूसाहेबाले एवढा आनंद झाला, त्याले वाटलं आपल्या भाषनानं झालं. डोळ्यात पानी आनून म्हने, या मागास भागाले मीनं उगाच नावं ठेवली, इथले लोक जगाच्या पुढं हायेत. मूर्ख मानूस. समोरच्याईले काय समजलं हे इचाराची गरज त्याले जनमात कधी पडली नाई. बोलाचं काम त्याचं, आयकाचं आमचं, असं त्याच्या आज्यापासून चालू हाये.

पावसाळाभर बांधकाम. चारी बाजूनं सिमेंटची भिंत, मानसाच्या वर जाईन एवढी, लोखंडी फाटक, अन एका अंगाले गॅलरी, म्हनजे घाटावर राह्यतात तशा पायऱ्या. मधात टाकाले घास आनला टरकात घालून, सतरंजीसारखा गुंडाळून, लाखमोलाचा म्हने. आता काळ्या मातीत पावसाळ्यात टरक घातला तं काय होईन हे बैलाले बी समजते. टरक फसला, टरक काढाले ट्रॅक्टर आनला तो फसला, ट्रॅक्टर काढाले दुसरा. घास टाकला तो पान्यात तरंगला. जो राह्यला तो शेवंताच्या बकऱ्याईनं चाखला, फाटक लागाचं होतं अजून. बापूसाहेब वरडत आला, ये बाई, तुह्या बकऱ्या परदेशी घास खाऊन राह्यल्या. ती म्हने हाव बापूसाहेब, पन कसनुशी तोंडं करून राह्यल्या, आवडला नाई त्याईले. मंग आला रूळ, जमीन दाबाचा, लोखंडाचा मोठा. तो मधोमध असा रुतला का निंघालाच नाई. आता बी हाये तिथंच, आमी त्याच्यावर बसून भाकर खातो.

दसरा झाला. जमिनीत मस्त ओल, पायाखाली लोन्यासारखी. आमी घरात ठेवलेला हरबरा घेतला, तिफन घेतली, सिद्धार्थच्या बाबाईनं बैल आनले मांगून, अन बाया साऱ्या न्हाऊन-धुऊन, पेरनीचा दिवस म्हनून, गेलो फाटकाशी. तिथला चौकीदार म्हने कुठं? म्हनलं रब्बी. तो म्हने काय? म्हनलं रब्बी, रब्बी, फाटक खोल. त्यानं फोन लावला, अन जीप आली.

बापूसाहेब उतरला. तिफन पाहे, बैल पाहे, आमाले पाहे. म्हने हे काय लावलं? मी म्हनलं बापूसाहेब हिवाळा लागला, रब्बी. तो म्हने अवं बाई, रब्बी नाई, रग्बी! खर्रा थुंकला तवा कुठं साफ आयकू आलं. रग्बी. मी म्हनलं हे कोनतं बियानं? आता तो एवढा भडकला का सांगता सोय नाई. जीपमधून एक चेंडू काहाडला, परदेशातून आनलेला, दोन्हीकून निमुळता, पिकल्या पपईसारखा. म्हने हा चेंडू काखेत घ्याचा अन पळाचं, बाकीच्याईनं मांगून येऊन पाडाचं. अन समजवाच्या भरात स्वतः पळाले लागला ना! ते पोट, तो कोट, काखेत ती पपई, गाळात पाय फच फच, इकडून तिकडं. बैल बिचकले. सिद्धार्थचे बाबा बैलाच्या आड तोंड लपवून हासत. अन शेवंता, दम घेऊन म्हने, अनुसये, दुसऱ्याचं काखोटीले मारून पळाचं अन लोकाईनं मांगं लागाचं, हे तं बापूसाहेबाले लहानपनापासून येते, त्याच्यासाठी परदेशात कायले गेलता?

तवा तो थांबला. चेहरा लाल. म्हने अडाणी लोक, तुमची लायकीच नाई, ठराव झाला, हात वर केले तुमी, आता पाय टाकसान आत तं पोलीस बोलवीन. अन फाटकाले कुलूप.

हासनं तिथंच सरलं. घरी आलो, हरबऱ्याचं पोतं तसंच्या तसं कोपऱ्यात ठेवलं. त्या साली माह्या घरात काय होतं? पावसाळ्यातलं काही नाई, कारन आमी पेरलंच नाई. येचनी नाई, कारन लोकाईचा कापूस वाळून गेलता. एक हरबरा होता, अन त्याले जागा नाई. अन ओल काही थांबत नाई बाई. रोज सकाळी मी भिंतीच्या भोकातून आत पाहे, माती वरून पांढरी पडत चालली. एकदा वरची ओल गेली का पेरून उपेग नाई, दाना तसाच राह्यते जमिनीत अन मुंग्या नेतात. सिद्धार्थचे बाबा जेवत नसत धड. म्हनत, बापानं हाडं येचून केलेली जमीन मीनं हात वर करून देली. मी म्हनलं एकट्यानं नाई देली, अन देली बी नाई, त्यानं तोंडात सुपारी धरून लुटली. पन ते आयकून घेत नसत. मले भेव होतं ते त्याईचं होतं. आजूबाजूले तवा काय चालू होतं ते तुमाले माहीत हाये.

आता आयका मधू पेंटरचं. मधू आमच्या गावातला, साऱ्या दुकानाईच्या पाट्या त्याच्याच हातच्या. त्याचं रोजचं गिऱ्हाईक कृषी केंद्र, खरीप-रब्बी बियाने, खरीप-रब्बी खते, हेच लिवून लिवून बोटं वाकले त्याचे. त्याले बापूसाहेबानं फोनवर सांगितलं, कमानीवर मोठं लिव, भव्य रग्बी व क्रिकेट स्टेडियम. अन गालात गोळा. मधूनं काय आयकलं असंल ते सांगाची गरज हाये का? त्यानं चांगला पिवळा ऑइल पेंट घेतला, सुंदर अक्षर काहाडलं, अन उद्घाटनापर्यंत पाटीले पडदा लावून ठेवला. पडद्याआड कोनी पाह्यलं नाई. बापूसाहेब दिवसभर मंडप अन जेवनावळीत.

उद्घाटनाले मुंबईहून मोठा पाहुना. नाव कायले घेऊ, मोठा होता एवढंच. गाड्याची रांग, पेपरवाले, कॅमेरे. आमच्या वस्तीले गॅलरी भराले बोलावलं, गर्दी दिसाले पायजे ना. जाऊ नाई असं ठरवलं होतं, पन मी म्हनलं चाला, आपल्या रानात आपन कायले नाई जाचं? गेलो. पाहुन्यानं दोरी ओढली, पडदा पडला. मी पायरीवरून वाचलं, अन मले पह्यले वाटलं माहंच वाचन चुकलं. पुन्हा वाचलं. भव्य रब्बी व क्रिकेट स्टेडियम. मी जोरात वाचलं, साऱ्या बायाईले आयकू जाईन असं. शेवंता म्हने खरं सांग. मी म्हनलं खरं सांगते, त्याच्या खाली बापूसाहेबाचं नाव बी हाये.

बापूसाहेबाचं तोंड पाहाचं होतं तुमी. गोळा गिळला त्यानं, मीनं पाह्यलं, सुपारी-तंबाखू सगट. पन पाहुना! पाहुना पाटीकडं पाहून राह्यला, पुन्हा पाहून राह्यला, त्याले कुठं माहीत काय बांधलं, त्याले दिवसातून असे किती पडदे ओढा लागत असतीन. माईक घेतला अन सुरू. म्हने वा! कापसाच्या या संकटात साऱ्या राज्याले वाट दाखवनारी ही कल्पना, उन्हाळ्यात तरुनाईले खेळ अन हिवाळ्यात भूमिहीनाईले रब्बी, एकाच मैदानात, असं मीनं कुठं पाह्यलं नाई, बापूसाहेब परदेशातून खरोखर काही शिकून आले. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. आमी तं थांबलोच नाई. मंग म्हने कुठं हायेत त्या रब्बीवाल्या बाया? अन बापूसाहेब काय बोलीन आता? साहेब तुमचं चुकलं म्हनन? ज्याच्या बुटाची धूळ पुसाले रुमाल घेऊन उभा होता, त्याच्या तोंडावर? गालातल्या गालात मरत म्हने, ह्याच साहेब, ह्याच आमच्या माऊल्या. माऊल्या! आठ दिसापूर्वी अडाणी होतो.

शेवंता तवर घरी पळाली अन सुपात हरबरा घेऊन आली बी. पाहुन्यानं बूट काढून आत पाय टाकला, मूठ भरली अन कोंबड्याईले दाने टाकतात तसा हरबरा फेकला, तीनदा, कॅमेऱ्याकडं तोंड करून. असा पेरतात का हरबरा? पन मी म्हनलं फेक बाप्पा, फेक, तुह्या हातानं पडू दे. दुसऱ्या दिवशी सकाळीच आमी तिफन घेऊन गेलो. चौकीदारानं फाटक खोललं. वरची माती सुकली होती, खालची अजून गार होती, सिद्धार्थच्या बाबाईनं तिफन दाबून धरली, अन मीनं मांगं सरता धरला, दाना सोडाची नळी. पेरत पेरत ते रडले, मले पाठ दिसे फक्त. सातव्या-आठव्या दिवशी कोंब वर आले.

पेपरात फोटो आला. अन मंग काय, बापूसाहेबानं तो फोटो काचेत घालून जिनिंगच्या ऑफिसात लावला. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगे, ही कल्पना माही. गरिबासाठी मले सुचली. परदेशातल्या त्या मैदानाचा इतिहास सांगे अन शेवटी आमचा हरबरा जोडे त्याले. असे लोक राह्यतात बाई, चोरी फसली तं तिचा बी दानधर्म करून सांगतात. दरसाली दसरा आला का आमी पेरतो, त्याले बंद करता येत नाई, बंद केलं तं फोटो उतरवा लागन.

रग्बी कोनी खेळलं नाई आजवर. क्रिकेट खेळतात पोट्टे उन्हाळ्यात, पन काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते का बॉल भेगेत जाते अन सारी टीम काड्या घालून शोधत बसते, औट झाला का चौका झाला यावर अर्धा दिवस भांडन. बोअरले पानी लागलंच नाई. पन ती भिंत मात्र चांगली झाली, खोटं कायले बोलू. आजूबाजूच्या मोठ्या वावराईत रोही अन डुक्करं रातोरात पीक साफ करून जातात, पाटील लोक जागली करून थकले, अन आमच्या हरबऱ्याले शेपूट लागत नाई कोनाचं. गॅलरीच्या पायऱ्याईवर आमी मुंगवड्या वाळवतो, सरगुंडे वाळवतो. सिद्धार्थचे बाबा त्याच पायरीवर बसत शेवटी शेवटी, खोकला होता त्याईले, ऊन खात बसत अन हरबऱ्याचे घाटे भरलेले पाहात. घरीच गेले, शांत गेले. त्या सालांत आमच्या इकडं मानूस म्हातारा होऊन घरी मरनं, हे बी मोठं होतं बाई.

बापूसाहेब बी येते आता. जिनिंग बंद, जीप इकली, पाहुने येत नाईत. वरच्या पायरीवर एकटा बसते, उन्हात, अन आमी सवंगत राह्यतो ते पाहाते. हिरव्या हरबऱ्याचा हुळा भाजला का त्याले देते मी, द्रोनात घालून, दात नाईत तं चघळते. शेवंता म्हने कायले देतं वं त्याले? मी म्हनलं स्टेडियमात पाहनारा एक तं पायजे. कीव येत नाई मले त्याची, तसं समजू नोका. ओंजळभर हुळ्यानं काही माफ होत नाई.

जमीन नावावर झाली का इचारता? नाई झाली. त्या पाहुन्यानं माईकवर म्हनलं, कागदावर कोनी नाई म्हनलं. सिद्धार्थ यवतमाळले खेटे घालते, तिथले म्हनतात ही खेळाची जागा, खेळाच्या जागेचा पट्टा कसा देऊ, अन खेळवाले म्हनतात तिथं तं हरबरा हाये, आमी पैसा कसा देऊ. औंदा नवीन लोक आलते टेप घेऊन, कोट नव्हता पन तोंड तेच, हेलिकॉप्टर उतराची जागा कराची म्हने इथं. मी म्हनलं करा, पन हिवाळा सोडून. तो पोरगा हासला, त्याले वाटलं म्हातारी गंमत करते. औंदाचा पेरा झाला, तुमी येताना पाह्यला असंल, एवढा एवढा झाला, पान्यासाठी तोंड वर करून उभा हाये. काढनीले या, घाटे घेऊन जा पिशवीभर, तुमच्या लेकराईले सुखी ठेवो तुमचं नशीब. घेतीन ते हे रान एखाद्या दिवशी, मले दिसत नाई असं नाई. त्याईचं राज हाये, घेतीन. फक्त मी मेल्यावर घ्या म्हना. नाई, थांबा, तसं नोका लिवू. मी मेल्यावर बी नोका घेऊ म्हना.